गेम खेळून मोठ्या माणसाचं डोकं तल्लख होतं का? एका जुन्या दाव्याची सव्वाशे वर्षांची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आधी इतिहास, मग विज्ञान आणि शेवटी थोडं राजकारण, असा क्रम आहे.

"सर, गेम खेळल्यानं डोकं फास्ट होतं. सायंटिस्ट लोकांनी सिद्ध केलंय."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत जालन्यात अनेक ठिकाणी ऐकलं. एमआयडीसीत रोलिंग मिलच्या गेटवर, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या अभ्यासिकेच्या जिन्यात, बसस्टँडवरच्या टपरीवर. म्हणणारे शाळकरी नव्हते. बावीसपासून चाळिशीपर्यंतचे बाप्ये होते. कुणी भट्टीवर रात्रपाळी करणारा, कुणी बियाणे कंपनीत सेल्समध्ये, कुणी चार वर्षांपासून एमपीएससीच्या मागे लागलेला. हातात मोबाईल आडवा, कानात हेडफोन आणि पडद्यावर बंदुका.

याच घरांत दुसरंही एक वाक्य ऐकू येतं. "त्या मोबाईलनं पोराच्या डोक्याचा पार भुगा केला." हे म्हणणारे आईबाप असतात, बायको असते.

लेकरांबद्दल सगळेच बोलतात, म्हणून त्यांचं आज बाजूला ठेवतो. प्रश्न मोठ्यांचा आहे. वाढ पूर्ण झालेल्या, पोटापाण्याला लागलेल्या माणसाचं डोकं मारधाडीचे गेम खेळून सुधारतं का? नोकरी, अभ्यास, झोप आणि खिसा यांचा हिशोब या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून दोन्ही वाक्यांच्या मुळापर्यंत जायचं ठरवलं. तर हा वाद मोबाईलच्या कितीतरी आधीचा निघाला.

पहिली गंमत आपल्याच भाषेत आहे. संस्कृतात 'चतुरंग' म्हणजे सैन्याची चार अंगं. त्याचंच पुढे फारसीत 'शतरंज' झालं आणि हिंदी-उर्दूत तेच राहिलं. मराठीनं मात्र नाव ठेवलं 'बुद्धिबळ'. म्हणजे खेळाच्या नावातच दावा करून टाकला! नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हा घरोघरी एकच वाक्य होतं, "पोरीचं डोकं बघा." चूक काहीच नाही. पण बुद्धी होती म्हणून ती बुद्धिबळात पुढे गेली, की बुद्धिबळ खेळून बुद्धी वाढली? हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही, कारण नावानं उत्तर आधीच देऊन ठेवलंय.

हा प्रश्न मोजमाप करून विचारला तो अमेरिकेत, १९०१ साली. त्या काळी शिकलेल्या लोकांची अशी समजूत होती की मन हे दंडाच्या स्नायूसारखं असतं. लॅटिनचं व्याकरण घोका, भूमितीची प्रमेयं सोडवा, की मन बळकट होतं आणि मग ते कुठल्याही कामाला चालतं. आपल्याकडे पाढे आणि रूपं पाठ करून घेताना गुरुजींचाही हाच हिशोब असायचा. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो तपासला. मोठ्या माणसांना आयताकृती कागद बघून क्षेत्रफळाचा अंदाज बांधायचा सराव दिला. सरावानं लोक त्यात तरबेज झाले. मग त्यांच्यापुढे वेगळ्या आकाराचे, वेगळ्या मापाचे कागद ठेवले. तिथं कमावलेलं कौशल्य बरंचसं गळून पडलं. निष्कर्ष असा की, एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो तो दोन्ही कामांत जेवढं सारखं असेल तेवढ्यापुरताच.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सव्वाशे वर्षं लोक घासाघीस करतायत ती याच वाक्याशी.

बुद्धिबळाच्या बाबतीत याचा पडताळा १९७३ साली मिळाला. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी निष्णात खेळाडूला खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि मोहऱ्या आठवून मांडायला सांगितल्या. त्यानं त्या नवख्यापेक्षा कितीतरी जास्त बरोबर मांडल्या. मग मोहऱ्या पटावर वाटेल तशा विखरून तोच प्रयोग केला. निष्णात आणि नवखा जवळपास एका पातळीवर आले. म्हणजे त्या खेळाडूची स्मरणशक्ती सगळीकडे चालणारी नव्हती, ती बुद्धिबळाच्या डावांपुरती तयार झालेली होती. आपल्या मोंढ्यातला जुना अडत्या मूठभर सोयाबीन हातात घेऊन ओलावा सांगतो, पण म्हणून त्याला बायकोचा वाढदिवस आठवतो असं नाही. तसंच हे.

आता आपल्या देशात या वादाला पैशाचं वळण कसं लागलं ते बघा. त्याशिवाय आजचं चित्र समजत नाही.

१९५० च्या आसपास मुंबई इलाख्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं वेड होतं. वर्तमानपत्रातलं कोडं सोडवा, प्रवेश फी भरा, मोठं बक्षीस जिंका. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बंगळुरूहून चालणाऱ्या स्पर्धा मुंबई राज्यात जोरात होत्या. राज्यानं कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयानं जी रेघ ओढली ती पुढे जवळपास सत्तर वर्षं टिकली. ज्यात मुख्यतः नशीब, तो जुगार. त्याला व्यापार म्हणून संरक्षण नाही. ज्यात बऱ्याच अंशी कौशल्य, तो धंदा. त्याला संरक्षण आहे.

दहा वर्षांनी रमीची पाळी आली आणि या खटल्याचा धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. सिकंदराबादच्या एका क्लबात पोलिसांनी धाड टाकली, लोक पैसे लावून रमी खेळत होते. गुन्हा लावला हैदराबाद जुगार कायद्याखाली. हा १३०५ फसलीचा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा निजामकालीन कायदा. १९५६ पर्यंत आपलं जालना ज्या हैदराबाद राज्यात होतं, त्याच राज्याचा. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९६८ चा सत्यनारायण निकाल म्हणून ओळखला जातो. न्यायालय म्हणालं, रमी म्हणजे तीन पत्ती नव्हे. कुठली पानं पडली ते ध्यानात ठेवावं लागतं, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला कसब लागतं. म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ.

बारकाईनं वाचा. न्यायालयानं म्हटलं की रमी खेळायला डोकं लागतं. रमी खेळून डोकं वाढतं असं कुठंही म्हटलेलं नाही. पण पन्नास वर्षांनी मोबाईलवर रमीच्या जाहिराती आल्या तेव्हा 'कौशल्याचा खेळ', 'दिमाग का खेल' हे शब्द असे काही वापरले गेले की ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकच वाटाव्यात. बैल राखायलाही अक्कल लागते. म्हणून बैल राखून माणूस प्रोफेसर होतो का?

हे झालं पत्त्यांचं. आता मारधाडीच्या गेमकडे येऊ, कारण विज्ञानाचं खरं वजन तिथंच आहे. आणि इथं भुगा-भुगा करणाऱ्या आईबापांनाही थोडं ऐकून घ्यावं लागेल.

माझ्या पिढीनं गेम बघितला तो नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या डबड्यावर. मारिओ आणि काँट्रा. तासावर भाड्यानं खेळायला मिळायचे. मग सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक आला. आम्हा सगळ्यांना तो निव्वळ टाईमपास वाटायचा. तिकडे मात्र लष्करवाल्यांनी गेमकडे आधीच वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संरक्षण खात्याच्या पैशातून 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा गेम तयार झाला. एकाच वेळी विमान सांभाळा, नेम धरा, सुरुंग ओळखा. १९९४ मध्ये डॅनियल गोफर आणि सहकाऱ्यांनी इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा तास हा गेम शिस्तीत खेळला होता, त्यांचं प्रत्यक्ष उड्डाण न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरलं. थॉर्नडाइकचा नियम मोडला का? तसं नाही. गेममध्ये आणि कॉकपिटमध्ये साम्य होतं. एका वेळी चार गोष्टींकडे लक्ष वाटून देणं दोन्हीकडे लागत होतं.

मग आला २००३ चा मे महिना आणि 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकातला तो लेख. आपल्या टपरीवरच्या वाक्यातले 'सायंटिस्ट लोक' ते हेच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन नावाचा तरुण विद्यार्थी डॅफ्ने बाव्हेलिए यांच्या प्रयोगशाळेत नजरेच्या चाचण्या तयार करत होता. चाचणी स्वतःवर करून बघितली तर त्याचे गुण अपेक्षेपेक्षा फारच जास्त. मित्रांचेही तसेच. चाचणीत दोष असेल म्हणून शोधलं, तर धागा निघाला की ही सगळी मंडळी मारधाडीचे गेम खेळणारी.

पण खेळणाऱ्यांची नजर आधीपासूनच चांगली असली तर? चांगली नजर असलेले लोकच अशा गेमकडे ओढले जात असतील. (दिव्या देशमुखच्या वेळचाच प्रश्न.) म्हणून त्यांनी न खेळणाऱ्या तरुणांचे दोन गट केले. एकाला 'मेडल ऑफ ऑनर' हा दुसऱ्या महायुद्धाचा गोळीबाराचा गेम, दुसऱ्याला ठोकळे रचायचा 'टेट्रिस'. रोज एक तास, दहा दिवस. गोळीबारवाल्या गटाची नजर सुधारली. पडद्याच्या कडेला चमकून गेलेली वस्तू टिपणं आणि एकामागून एक झरझर येणाऱ्या गोष्टींतली दुसरी न हुकवणं, यात ते टेट्रिसवाल्यांपेक्षा पुढे गेले.

कारण समजायला सोपं आहे. टेट्रिसमध्ये एका वेळी एकच ठोकळा पडतो. गोळीबाराच्या गेममध्ये शत्रू कुठून येईल ते माहीत नसतं. नजर मधोमध ठेवायची आणि कडांवरही जागी ठेवायची. क्षणात ठरवायचं आणि चुकलं की लगेच शिक्षा. गेम जे करून घेतो ते डोकं शिकतं.

२००९ मध्ये बाव्हेलिए यांच्याच गटानं पन्नास तासांचा सराव देऊन आणखी एक गोष्ट दाखवली. करड्या रंगातल्या बारीक छटा ओळखण्याची ताकद मोठ्या माणसांतही वाढते. धुक्यात गाडी चालवणाऱ्याला जी लागते ना, तीच. तोवर समज अशी की एवढी मूलभूत गोष्ट सुधारायची तर चष्मा नाहीतर ऑपरेशन.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ३३ सर्जनांचा अभ्यास झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेले सर्जन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका करत होते आणि २७ टक्के जलद होते. यावर जगभर बातम्या झाल्या. पण ३३ माणसं, आणि इथं कुणाला गेम शिकवलेला नव्हता, फक्त पूर्वीच्या सवयी विचारल्या होत्या. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, दोन गोष्टी सोबत चालल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं लिहायचं नाही. मथळे देताना हे सगळेच विसरतात.

आणि म्हाताऱ्या माणसांचं? २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲडम गॅझली यांच्या गटानं ६० ते ८५ वयाच्या लोकांसाठी खास गेम बनवला. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवायची आणि मध्येच येणाऱ्या खुणांपैकी ठरलेल्या खुणेलाच बटण दाबायचं. महिनाभरात १२ तास. दोन कामं एकाच वेळी करण्यात हे आजी-आजोबा सराव नसलेल्या विशीतल्या पोरांच्याही पुढे गेले आणि सुधारणा सहा महिन्यांनीही टिकली. मात्र हा बाजारातला गेम नव्हता. एक नेमकी कमतरता डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं औषधच म्हणा.

इथवर वाचून अभ्यासिकेतली पोरं खूश झाली असतील. थांबा, दुसरी बाजू यायची आहे.

२०१० मध्ये बीबीसीच्या मदतीनं केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी ११,४३० लोकांना सहा आठवडे संगणकावर 'डोक्याचा व्यायाम' दिला. सगळे मोठे, १८ ते ६० वयाचे. ज्या खेळांचा सराव केला त्यात प्रत्येकजण सुधारला. सराव न केलेल्या चाचण्यांत ती सुधारणा पोहोचलीच नाही, अगदी जवळच्या चाचण्यांतही नाही. १९०१ चे आयताकृती कागद पुन्हा समोर आले.

तोवर या दाव्याचा धंदा झाला होता. 'लुमोसिटी' नावाचं ॲप म्हणत होतं, आमचे गेम खेळा, कामात आणि शिक्षणात पुढे जा, म्हातारपणाचा विसरभोळेपणा लांबवा. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून कंपनीकडून २० लाख डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं.

आणि २०१८ मध्ये खरा सामना रंगला. 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या एकाच नियतकालिकात, काही आठवड्यांच्या अंतरानं, दोन मोठे आढावे छापून आले. दोघांनीही जगभरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला होता. बेनुआ बेदियू, बाव्हेलिए, ग्रीन यांचा गट म्हणाला, मारधाडीचे गेम शिकवल्यावर मोठ्यांच्या लक्ष देण्याच्या आणि दिशा-जागा ओळखण्याच्या क्षमतेत छोटी ते मध्यम सुधारणा दिसते. जोव्हानी साला आणि फर्नांद गोबे यांचा गट म्हणाला, गेम शिकवल्यानं एकूण आकलनशक्ती वाढते याला पुरावा नाही. फरक दिसतो तो नगण्य.

मग खरं कोण? मला दोन्ही आढाव्यांतून कळलं ते असं, की भांडण दिसतं तेवढं मोठं नाही. पहिला गट फक्त मारधाडीच्या गेमबद्दल आणि ठराविक क्षमतांबद्दल बोलतोय. नजर, लक्ष, वेग. दुसरा गट सगळ्या प्रकारच्या गेमबद्दल आणि डोक्याच्या एकूण ताकदीबद्दल बोलतोय. 'बुद्धी वाढते' याच्या बाजूनं भक्कमपणे कुणीच उभं नाही. 'नजर आणि लक्ष काही प्रमाणात सुधारतं' याच्या बाजूनं बऱ्यापैकी पुरावा आहे, त्यावर अजून वाद आहे.

म्हणजे टपरीवरच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. पण ते वाक्य म्हणणाऱ्याला हवंय तेवढं नाही. चालू घडामोडी लक्षात ठेवायला, अंकगणिताचा पेपर सोडवायला, मराठी व्याकरणाला बंदुकीचा गेम मदत करेल असं दाखवणारा प्रयोग मला सापडला नाही. थॉर्नडाइकच्या हिशोबानंही त्या दोन कामांत सारखं काहीच नाही.

आणि प्रयोगशाळेतला 'डोस' बघा. दिवसाला तासभर. ठरलेले दिवस. पैशाची बाजी नाही. खेळून झालं की घरी जा, झोपा. आपल्याकडे हा डोस कसा घेतला जातो? भट्टीवर क्रेन चालवणारा माझ्या ओळखीचा एकजण सांगतो, "भाऊ, गेममुळं माझा हात अन् नजर लई फास्ट झाली." असेलही. पण तो रात्री दोनपर्यंत खेळतो आणि सहाला पाळीवर जातो. डोक्यावरून तापलेलं लोखंड नेणाऱ्या माणसाची चार तासांची झोप. गेमनं नजरेत जे कमावलं, ते अपुऱ्या झोपेनं सकाळीच गमावलं जातं. जागरणानं लक्ष उडतं याबद्दल शास्त्रज्ञांत अजिबात वाद नाही.

लक्षाचाच विषय निघाला म्हणून आपल्या मराठवाड्यातली एक घटना सांगतो. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत विशीतले दोन तरुण रेल्वेरुळांजवळ पब्जी खेळत होते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. हैदराबाद-अजमेर गाडीखाली सापडून दोघेही गेले. प्रयोगशाळा म्हणते, हा गेम कडेचं बघायला शिकवतो. बरोबर आहे, पण पडद्याच्या कडेचं. पडद्याबाहेर जे आहे, मग ती गाडी असो, आईची हाक असो, नाहीतर सकाळची पाळी असो, ते बंद करायलाही हाच गेम शिकवतो. लक्ष म्हणजे टॉर्च. एकीकडे झोत मारला की बाकी अंधारच राहतो.

त्या २०१९ सालात सरकारी यंत्रणा काय करत होती? राजकोटमध्ये पोलिसांनी पब्जी खेळण्यावर बंदी घालून दहा तरुणांना पकडलं. मुंबईत अकरा वर्षांच्या एका मुलानं आईमार्फत उच्च न्यायालयात याचिका करून बंदी मागितली. शेवटी २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲप्ससोबत पब्जी बंद झाला. कारण दिलं गेलं देशाच्या सुरक्षेचं. डोक्याचा, झोपेचा, रोजगाराचा विषय त्यात नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच गेम 'बीजीएमआय' नावानं आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या ये-जा करण्यात 'मोठ्या माणसानं किती खेळावं, कधी थांबावं' यावर एकही धडका सरकारी सल्ला निदान आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचला नाही.

आणि आता राजकारण. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा गेम दिसणारा व्हिडिओ बाहेर आला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. महिन्याच्या अखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं! यावर तेव्हा भरपूर विनोद झाले. मला विनोदापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पुढच्याच महिन्यात, २० आणि २१ ऑगस्टला, संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैशाच्या ऑनलाइन गेमची व्याख्या करताना स्पष्ट लिहिलंय की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, पैसे लावून पैसे मिळवायचे असतील तर बंदी. १९५७ ची रेघ ऑनलाइन खेळांपुरती पुसली गेली. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता मिळाली. कंपन्या न्यायालयात गेल्या, तो वेगळा विषय.

या कायद्यानं एक गोष्ट चांगली झाली. 'डोकं लागतं' या दोन शब्दांआड लपून लोकांचा पगार गिळायची सोय कागदावर तरी संपली. पण त्याच कायद्यानं एक नवं दारही उघडलं. आता मारधाडीचा गेम 'खेळ' झाला म्हटल्यावर उद्या जिल्ह्याजिल्ह्यात ई-स्पोर्ट्सच्या ॲकॅडम्या निघतील. फ्लेक्सवर काय लिहिलेलं असेल ते मी आजच सांगतो. 'एकाग्रता वाढवा, बुद्धी तल्लख करा.' आणि खाली फीचा आकडा. आयताकृती कागद, शब्दकोडी, रमी, लुमोसिटी या सगळ्यांच्या गोष्टीत एक सूत्र सारखंच आहे. प्रयोगशाळेतून छोटा, नेमका निष्कर्ष निघतो आणि बाजारात येईपर्यंत त्याचा पोळ्याचा बैल झालेला असतो. झूल, शिंगाला बेगड, गळ्यात घुंगरू. आतला बैल तेवढाच असतो.

म्हणून माझं सरळ मत सांगतो. मोठ्या माणसानं मारधाडीचा गेम खेळला म्हणून डोक्याचा भुगा होत नाही, आईबापांनी ही भाषा सोडावी. दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तासभर मजा करायचा हक्क आहे आणि त्या मजेला विज्ञानाचं सर्टिफिकेट लागत नाही. नजर थोडी तेज झाली तर तो नफाच समजा. पण अभ्यासाच्या नावाखाली खेळू नका. परीक्षेला जे लागतं त्याचाच सराव परीक्षेला उपयोगी पडतो, हे १९०१ पासून कुणाला खोडता आलेलं नाही. पाळी असेल त्या रात्री खेळू नका. आणि कुणी 'बुद्धी वाढते' म्हणून फी मागितली, तर त्याला एकच प्रश्न विचारा. कुठली बुद्धी, किती दिवसांत, आणि गेमच्या बाहेर ती मोजली कुणी?

याचं उत्तर त्यानं नीट दिलं तर मलाही कळवा, मी बातमी करतो. नाही दिलं तर पैसे खिशातच राहू द्या.

पोस्ट शेअर करायची असेल तर पूर्ण करा, अर्धी कापून मथळा लावू नका. तुमच्या घरात, कारखान्यात, अभ्यासिकेत काय चित्र आहे ते खाली लिहा. नावं लिहू नका, अनुभव लिहा.